कासाबाईचा माग आणि दोन नोटिसा

उभ्या जन्मात मी खोटं बरंच लिहिलं. अर्जनवीस माणूस. कचेरीच्या फाटकाजवळ लिंबाखाली सतरंजी टाकायची, पुढ्यात लाकडी पेटी ठेवायची आणि लोकांच्या अडचणी सरकारला पचतील अशा भाषेत मांडायच्या, हा माझा धंदा. त्यात थोडं इकडचं तिकडं होतंच. धडधाकट माणसाला आजारी करावं लागतं, घरी बसलेल्याला परगावी पाठवावं लागतं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण मी पढवलेलं एका शब्दाचं साधं खोटं जिनं बोलून दिलं नाही आणि माझ्या डोक्याला तीन वर्षं ताप लावला, त्या बाईची आठवण निघाली की माझं डोकं अजून फिरतं. कासाबाई तिचं नाव.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं, नगरपालिका असलेलं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथले लोक आजही माझ्याशी भांडायला येतील, आणि आता माझ्यात तेवढा दम राहिला नाही.

कासाबाईचा नवरा येडबा घोंगडी विणायचा. धनगराचं घर. पाहुण्यांकडं मेंढरं होती, लोकर तिकडून यायची. बायांनी लोकर पिंजायची, सूत कातायचं आणि पुरुषानं मागावर बसायचं, अशी त्यांच्यात पिढ्यांची वाटणी. माग म्हणजे काय, तर घरातच कमरेएवढा खड्डा. त्यात पाय सोडून बसायचं आणि समोर ताणलेल्या सुतातून धोटा इकडून तिकडं फेकत राहायचं. येडबाचा हात असा चालायचा की शेजारचे लोक त्या खटखटीवर झोपायचे आणि माग बंद पडला की जागे व्हायचे.

सन ब्याऐंशीत येडबाला लकवा मारला. उजवं अंग पार गेलं, जीभ जड झाली. मूलबाळ नव्हतं. महिनाभर खड्डा रिकामा राहिला आणि मग एके सकाळी कासाबाई पदर खोचून त्यात उतरली. बाईनं मागावर बसणं त्यांच्यात कुणी पाहिलं नव्हतं. नाकं मुरडायची ती लोकांनी मुरडली. तिनं खड्ड्याच्या कडेलाच येडबाची खाट ओढून घेतली. तो डाव्या हातानं विणलेल्या पट्टीची कड चाचपायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "ढिलं पडायलंय. हान जरा." ती हाणायची. मधेच खड्ड्यातून वर यायची, त्याची कूस बदलायची, पाठ पुसून काढायची आणि परत खाली उतरायची. दिवसातून सात-आठ वेळा हे ठरलेलं. डॉक्टरनं बजावलं होतं की एका अंगावर पडून राहिला तर पाठीला जखमा होतील आणि त्या जखमा माणसाला घेऊनच जातील. त्यामुळं कासाबाईला काम करायचं तर ते येडबाच्या खाटेपासून चार हातांवरच करता येणार होतं. मजुरीला जाणं नाही, दुसऱ्याच्या मागावर जाणं नाही. ही एवढी साधी गोष्ट मी पुढं तीन वर्षं कचेरीला समजावून सांगत होतो.

घोंगड्याच्या कामात एकच भाग घराबाहेरचा. विणायच्या आधी सूत लांबच लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ पाजावी लागते, म्हणजे ते ताठ होतं, मागावर तुटत नाही. वीस हात लांब ताणा कुणाच्या घरात मावणार? तो गल्लीतच बांधायचा, सकाळच्या उन्हात. येडबाच्या बापापासून त्या गल्लीत ताणा लागत होता. लोक भिंतीला अंग घासून बाजूनं जायचे. खळीला आंबूस वास येतो, पण वासाची तक्रार करावी असं कुणाला सुचलं नव्हतं.

ते सुचलं किशनराव मास्तरांना. मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशी नवं घर बांधलं आणि स्कूटर घेतली. माणूस वाईट नाही, पण स्कूटर घेतलेला माणूस निराळाच होतो. एका सकाळी शाळेला उशीर झाला, पुढं ताणा आडवा. मास्तरांनी पालिकेत तक्रार दिली. ती लिहायला माझ्याकडं आले नाहीत, स्वतःच लिहिली, आणि एकही चूक न करता लिहिली. तिथंच घात झाला. माझ्याकडं आले असते तर मी दोन दिवस घोळ घालून त्यांचा राग उतरवला असता.

त्याच सुमारास पालिकेचा विकास आराखडा मंजूर होऊन आला होता. कचेरीच्या भिंतीवर भला मोठा नकाशा टांगला. त्यात माणसांनी राहायची जागा पिवळ्या रंगात, कारखाने-धंद्यांची जांभळ्या रंगात. आमचं सगळं जुनं गाव पिवळ्यात गेलं होतं. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, कासाबाईचा खड्डा, सगळं एका ब्रशात पिवळं. ह्या आराखड्यावर लोकांकडून हरकती मागवल्या होत्या म्हणे. बोर्डावर कागद डकवला होता. ते नामांतराचे दिवस. आज ह्यांचा मोर्चा, उद्या त्यांचा बंद, कचेरीचं दार अर्धं लावलेलंच. पण सबबी कशाला सांगू? त्या बोर्डापासून दहा पावलांवर मी रोज बसत होतो आणि मीच तो कागद वाचला नाही. मग कासाबाईनं काय वाचावं? तिला तर अक्षर ओळखत नव्हतं.

नोटीस घेऊन ती लिंबाखाली आली तेव्हा तिचे हात खळीनं चिकट झालेले होते आणि नोटिशीला बोटांचे डाग पडले होते. मी वाचून दाखवली. रहिवासी पट्ट्यात विक्रीकरिता लोकरी मालाचे उत्पादन विनापरवाना चालू असल्याचे कळते, तरी पंधरा दिवसांत खुलासा करावा.

"म्हंजे काय, मुन्शीजी?"

"म्हंजे घरात धंदा करायचा न्हाई."

"धंदा कुठं करायले? घोंगडं इनायले."

मी नियमाचं पुस्तक मिळवलं आणि रात्र घालवून सगळं वाचलं. वाचलं आणि संतापलो. पिवळ्यात डॉक्टरनं घरी दवाखाना चालवला तर चालतो. वकिलानं घरी ऑफिस थाटलं तर चालतं. मास्तरांनी घरी शिकवणी घेतली तर चालते. किशनराव मास्तरांच्या ओसरीत रोज संध्याकाळी वीस पोरं पाढे ओरडायची ती नियमात बसत होती. मी रात्री घरच्या ओट्यावर बसून अर्ज खरडतो तेही बसत होतं. बुद्धीचा धंदा घरात चालतो. हाताचा धंदा करायचा तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर घरासमोरचा रस्ता तीस फुटी हवा. कासाबाईची गल्ली नऊ फूट, तीही म्हैस आडवी बांधलेली नसेल तर. पण एक फट होती. घरच्या वापरापुरतं कुणी काही केलं, तर त्याला मनाई नव्हती.

आधी मी मास्तरांकडं गेलो. कासाबाईनं तोवर ताणा गल्लीतून उचलून ओढ्याकडच्या मोकळ्या पटांगणात नेला होता. त्यासाठी शेजारच्या पार्वतीबाईला तेवढा वेळ येडबापाशी बसवायची. मास्तर ओशाळले. म्हणाले, "मला फक्त रस्ता पाहिजे होता हो, तिचा माग बंद पाडायचा नव्हता." बिचारे माझ्याबरोबर कचेरीत आले, तक्रार मागं घेतो म्हणाले. कारकुनानं सांगितलं, तक्रार मागं घेता येते, नोटीस मागं घेता येत नाही. झालं! कचेरीत लांबलेल्या कामाला आम्ही भिजत घोंगडं म्हणतो. इथं तर खरंच घोंगड्याची फाइल होती, मग ती भिजायला किती वेळ!

चौकशीला बन्सीधर नावाचा निरीक्षक नेमला. नवा, तरुण, कुणाचं वाईट व्हावं असं मनात नसलेला. आदल्या दिवशी तो आपण होऊन माझ्या सतरंजीवर येऊन बसला. "मुन्शीजी, बाईला एवढंच म्हणायला सांगा की मी घरच्यापुरतं विणते. मी तसं लिहितो आणि मोकळा होतो. मला तरी कुठं हौस आहे?"

असा अधिकारी दहा वर्षांत एखादा भेटतो. मी संध्याकाळी जाऊन कासाबाईची उजळणी घेतली. "साहेब इचारतील, कशासाठी इनता? काय म्हणायचं? घरच्यापुरतं." दहादा म्हणून दाखवलं. ती सूत उकलत ऐकत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला वाटलं, समजलं हिला. येडबा खाटेवरून हसत होता. तो का हसतोय ते तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. कासाबाईनं दारात पाणी दिलं, गूळ दिला आणि खुंटीवरचं कोरं काळं घोंगडं काढून झटकून खाली अंथरलं. "बसा, साहेब." बन्सीधर बसला, मी बसलो, समोरच्या कडेला ती बसली. वही उघडून बन्सीधरनं उत्तर प्रश्नातच घालून दिलं.

"बाई, हे तुम्ही घरच्यापुरतंच विणता ना?"

कासाबाईनं एकदा खाली पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, घरात मानसं दोन. म्हैन्याला तीन घोंगडी निघतेत. दोन मानसं किती पांघरतील?"

"म्हणजे पाहुण्यारावळ्यांना देत असाल," तो तिला हात देत म्हणाला.

"देत न्हाई, इकते. मानवतच्या बाजारात इकते, जत्रंत इकते."

मी जोरात खोकलो. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मुन्शीजी, खोकू नका. घोंगड्यावर बसलेव आपुन."

बन्सीधरनं पेन तसंच धरून ठेवलं. पुन्हा एकदा, निराळ्या शब्दांत विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, वर चार गिऱ्हाइकांची नावंही सांगितली. शेवटी त्यानं लिहिलं ते लिहिलं.

तो गेल्यावर मी जे बोललो ते कागदावर लिहिता येणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग समजावल्यासारखं सांगितलं. त्यांच्यात पंच बसतात ते घोंगड्यावर. सोयरीक ठरते, भांडण मिटतं, देवाची आण घेतात, ते घोंगड्यावर बसून. त्याच्यावर बसून खोटं बोललं तर तो माणूस जातीत उभा राहायच्या लायकीचा राहत नाही. आणि ही तर ते विणणारी.

"मंग आंथरलं कामून?" मी ओरडलो. "उगंच भुईवर बसवायचं की त्याला!"

"साहेब पहिल्यांदा घरी आला. पावन्याला काय पोत्यावर बसवू?" ती म्हणाली. "तुमी मला अगुदर सांगायचं व्हतं, घोंगडं आंथरू नको म्हून. भुईवर बसून इचारलं असतं तर बगितलं असतं मी."

आता ह्याला काय म्हणावं! येडबा खाटेवर पडल्या पडल्या अर्ध्या तोंडानं हसत होता, डोळ्यातून पाणी येईस्तोवर. त्या नवरा-बायकोला धरून हलवावं असं मला वाटलं. पहिली नोटीस त्या दिवशी पक्की झाली. एका महिन्यात रहिवासी पट्ट्यातलं उत्पादन बंद करावं.

माझाही हट्ट होता. पिवळ्यात नाही तर जांभळ्यात. पालिकेनं रेल्वे फाटकापलीकडं, कापसाच्या जिनिंगच्या मागं कारागिरांसाठी पत्र्याचे चार गाळे बांधून ठेवले होते. गावापासून इतके लांब की तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. मी अर्ज केला, त्यावर स्मरणपत्र दिलं, स्मरणपत्राला स्मरणपत्र दिलं. सहा महिन्यांनी गाळा मिळाला; तोवर मुदतवाढीच्या अर्जांवर घरचा माग चालू ठेवला. कासाबाईनं आपल्या हातानं तिथली मुरमाड जमीन खणून कमरेएवढा खड्डा पाडला. माग उचलला, चूल उचलली, गल्लीतल्या घराला कुलूप घातलं आणि येडबाला खाटेसकट हातगाडीवर घालून रेल्वे फाटक ओलांडलं.

तिथं चार महिने बरे गेले. पत्रा तापायचा, पण समोर माळ मोकळा, ताणा पाहिजे तेवढा लांब लावा. येडबा दारातून मालगाडीचे डबे मोजायचा आणि आपला आकडा बरोबर हे कासाबाईकडून कबूल करून घ्यायचा. ती त्याच्याकडं न बघता हो म्हणायची. मी गेलो की म्हणायची, "मुन्शीजी, लय चांगलं केलं तुमी. आता कुनाची कटकट न्हाई." मला त्या दिवसांत माझ्या अकलेचा अभिमान वाटायचा. कचेरीशी लढून जिंकलेला माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता.

मग दुसरी नोटीस आली. औद्योगिक पट्ट्यातील गाळ्याचा निवासासाठी वापर होत असल्याचे आढळून आले आहे, तरी सदर निवास तात्काळ बंद करावा, अन्यथा गाळा काढून घेण्यात येईल.

मी ती तीनदा वाचली. आधी हसलो. मग पेटी बंद करून तडक मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत शिरलो. शिपाई आडवा आला, त्याला ढकललं.

"साहेब, बाईनं घरात काम केलं तर तुम्ही म्हणता काम बंद करा. कामाच्या जागी राहिली तर म्हणता राहणं बंद करा. तिनं काय अधांतरी लटकायचं?"

साहेब शांत होते. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. "मुन्शीजी, हे दोन वेगवेगळे नियम आहेत."

"पण बाई एकच आहे ना, साहेब!"

"दिवसा काम करावं, रात्री घरी जावं. सगळे तसंच करतात."

सगळ्यांच्या घरी खाटेवर माणूस पडलेला नसतो, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, वाईट वाटतं म्हणाले. मला त्यांच्या वाईट वाटण्याचा राग आला. एखाद्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत, आणि वर सगळे सभ्य.

कासाबाई नियमाप्रमाणं वागून बघायला तयार झाली. एकदा येडबाला घरीच ठेवलं. पार्वतीबाई दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिला शेतात खुरपायला जावं लागलं. संध्याकाळी कासाबाई आली तर अंथरूण ओलं आणि त्याच्या अंगाला मुंग्या. त्यानंतर ती रोज सकाळी त्याला हातगाडीवर घालून गाळ्यावर न्यायची आणि दिवस मावळायला घरी आणायची. रस्ता दगडधोंड्यांचा. रेल्वे फाटकाच्या रुळांवरून गाडी जाताना येडबा दात-ओठ खायचा, पण हूं की चूं करायचा नाही. त्यात तिचा रोजचा अर्धा वेळ जाऊ लागला. महिन्याला तीन घोंगडी निघत होती तिथं दीड निघायला लागलं.

एवढं करूनही काय? बन्सीधर एका दुपारी तपासणीला आला आणि खाली मान घालून लिहून गेला : खाट, अंथरूण, पाण्याचा माठ, निवासाची व्यवस्था आढळून आली. मी त्याला कचेरीच्या फाटकाजवळ गाठलं. तो म्हणाला, "मुन्शीजी, वर तपासणारा दुसरा आहे. खाट दिसली की मला लिहावंच लागतं. खाट नसती तर काही प्रश्नच नव्हता."

त्या अहवालाला उत्तर लिहून मी कासाबाईचा अंगठा घ्यायला गाळ्यावर गेलो. ती जिनिंगच्या नळावर पाण्याला गेली होती. येडबा एकटाच होता. म्हणाला, "मुन्शी, ते साहेबाचं वाचून दाव."

मी वाचलं.

"म्हंजे तिनं हितं इनलं, त्याला हरकत न्हाई?"

"न्हाई."

"खड्ड्याला?"

"न्हाई."

"मंग घर कशाला म्हनायलेत हे?"

"खाटेला," मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली.

त्यानं डाव्या हातानं खाटेचा काठ चाचपला. मग म्हणाला, "म्हंजे ते घर म्या हाव." आणि अर्ध्या तोंडानं हसला. मला हसू आलं नाही.

"एक कारड लिव," तो म्हणाला. "धाकल्याला." धाकला म्हणजे पोखर्णीजवळच्या खेड्यात राहणारा त्याचा भाऊ दत्तराव. "लिव की मला घिऊन जा. पर हितं आल्यावर आपल्याच मनानं आलाय असं दाखव. म्या बोलीवलं म्हून हिला सांगू नको. हिला कळालं तर ही जाऊ द्यायची न्हाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. आज म्हणतो, तेव्हा म्हणालो नाही. तेव्हा मी थकलो होतो. फाइल आवरेल, गाळा वाचेल, दोन-चार महिन्यांनी काहीतरी वाट काढू, असा मी हिशोबी विचार केला. पेटी उघडली आणि कार्ड लिहिलं. माझ्या हातचं खोटं नेहमी चांगलं वठायचं. हेही वठलं.

आठ दिवसांनी दत्तराव भाड्याचा टेम्पो घेऊन आला. पढवल्याप्रमाणं बोलला, "वैनी, दादाला चार दिवस तिकडं नेतो. पोखर्णीच्या नरसिंहाच्या पायाशी राहील, तिकडं झाडपाल्याचं औषध देणारा एकजन हाय. तुमाला बी इसावा." कासाबाई खड्ड्यात बसली होती. तिनं धोटा खाली ठेवला आणि येडबाकडं पाहिलं. तो म्हणाला, "जातो की. तुजं काम तरी व्हईल." तिनं मग माझ्याकडं पाहिलं. मी नेमका कागद चाळत होतो.

निघताना तिनं दत्तरावाला सगळं सांगितलं. कूस कधी बदलायची, उजव्या टाचेखाली चिंधी कशी ठेवायची, पाणी कोणत्या बाजूनं पाजायचं. पुन्हा सांगितलं. टेम्पो सुरू झाल्यावर चार पावलं बरोबर चालत तिसऱ्यांदा सांगितलं. तो "हाव वैनी, हाव वैनी" करत होता. माणूस भला होता, पण ज्वारी काढणीला आली होती आणि घरात हात मोजके.

ती दर शनिवारी एस.टी.नं पोखर्णीला जायची. पहिल्या शनिवारी आल्यावर म्हणाली, मालक बरे हायेत. चौथ्या शनिवारी आली ती थेट खड्ड्यात उतरली. नंतर मला म्हणाली, "मुन्शीजी, पाठीला जखम झालीया. ह्या शनिवारी घिऊनच येते. गाळा गेला तर जाऊ द्या." मी म्हणालो, आणा. तो शनिवार यायच्या आधी, बुधवारीच, दत्तरावाचा माणूस सांगावा घेऊन आला. ती पोचली तोवर येडबाला बाहेर ओट्यावर काढून ठेवलं होतं. शेवटचे दोन दिवस तो काही खात नव्हता म्हणे, आणि कळवू नका म्हणाला म्हणे.

त्या कार्डाबद्दल मी तिला आजवर सांगितलेलं नाही. त्यानंतर कधी त्यांच्या घोंगड्यावर बसलो असतो तर सांगितलं असतं कदाचित. पण तिथून पुढं मी तिच्या घरी गेलो की उभाच राहायचो.

दिवस झाल्यावर कासाबाई गाळ्यावर परत आली. मागावर अर्धं राहिलेलं घोंगडं होतं, ते विणायला बसली. त्याच आठवड्यात बन्सीधर शेवटच्या तपासणीला आला. मला बरोबर चला म्हणाला, एकट्यानं जायचा धीर होत नव्हता. गाळ्यात माग, सुताचे गुंडे, खळीचं भांडं. खाटेची जागा रिकामी. त्यानं उभ्यानंच लिहिलं आणि मी ते तिला वाचून दाखवलं : सदर गाळ्यात कोणीही राहत नसल्याचे आढळून आले. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

"खरं हाय का, मुन्शीजी, लिवलंय ते?"

"खरं आहे."

"समदं?"

"समदं."

तिनं खड्ड्यातूनच हात वर केला. मी शाई लावली, तिनं अंगठा उठवला आणि बोट सुताच्या चिंधीला पुसलं. मग बन्सीधरला म्हणाली, "साहेब, गल्लीतल्या घरात बी कुनी न्हाई आता. रोज दिवस मावळला की मला हितून घरी जायाचं, असंच हाय ना तुमच्या नियमात?"

"हो, बाई."

"मंग तिथं कुनाकडं जाऊ, ते बी लिवा की."

बन्सीधर कागदाची घडी घालत राहिला. तिनं धोटा उचलला.